कोरडे बूट

९ नोव्हेंबर

ठमे,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. तोवर तू हे फाडलं नाहीस तर पोचतील.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तुला वाटेल, दादा अंथरुणाला खिळला की काय. तसलं काही नाही. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. सूनबाई म्हणते, "बाबा, तुमची जीभ तर अजून विशीतच आहे." मरणाला टेकलंय ते आपलं तळं.

परवा सकाळी नेहमीसारखा बांधावर गेलो, तर माझ्या दगडावर लाल रंगाची फुली. एकतीस वर्षं ज्या दगडावर बसून मी पक्षी बघतो, त्याला कोणीतरी 'क्र. १७' असा नंबर देऊन गेलंय. पलीकडे नगरपालिकेचा फलक, 'तलाव सुशोभीकरण'. खाली चित्र. कडेने सिमेंटचा काठ, काठावर चकचकीत फरशी, फरशीवर धावणारी दोन हसरी माणसं, मध्ये रंगीत कारंजं आणि पाण्यावर फायबरचे चार राजहंस. त्यांच्या पोटात बसून पायडल मारायचं. जिवंत पाणकोंबडीला हुसकावून लावायचं आणि प्लास्टिकच्या हंसाच्या पोटात बसून पाय हलवायचे! आणि पलीकडची लव्हाळ्याची दलदल, जिथे थंडीत आपले पाणलावे उतरतात, तिथे काय दाखवलंय सांगू? वाहनतळ.

तशी तळ्याची रया आधीच गेली आहे. नव्या इमारतींचा नाला थेट पाण्यात येतो. पाण्यावर साबणाचा फेस, फेसात वेफर्सची पाकिटं, आणि त्या पाकिटांवर उभा राहून एक बिचारा बगळा मासा शोधतो. काठावर एक गृहस्थ रोज गाडीतून उतरून पारव्यांना पोतंभर दाणे ओततात. मन शांत होतं म्हणे. यांचं मन शांत होतं आणि आमच्या डोक्यावर शिट पडते. पहिल्या वर्षी आपण बावीस पारवे मोजले होते, आठवतं? आता पाचशेच्या वर आहेत. बेकरीमागच्या चिमण्या मात्र सात उरल्या. त्या सातही जणींना मी तोंडावरून ओळखतो.

आणि आपल्या पक्षीमित्र मंडळातले ते नवे हौशी लोक! गळ्यात तोफेएवढा कॅमेरा, आणि हातातल्या मोबाइलवर वटवट्याचा आवाज लावतात. त्या एवढ्याशा जिवाला वाटतं आपल्या हद्दीत कोणी शिरलं, तो भांडायला बाहेर येतो, की यांची खटाखट सुरू. एकाने तर त्याला अर्धा तास छळलं. शी! याला काय पक्षीनिरीक्षण म्हणायचं?

असो. कामाचं लिहितो. अठरा डिसेंबरला या सुशोभीकरणाची जनसुनावणी आहे. तिथे मी माझी एकतीस वर्षांची नोंदवही घेऊन उभा राहणार आणि सगळ्यांची तोंडं बंद करणार. फक्त एक अडचण झाली आहे. माळ्यावर पाणी गळलं आणि वहीची शेवटची काही पानं भिजली. शाई पसरली, आकडे वाचता येत नाहीत. मंडळ सोडल्यावरही, इथून जाईपर्यंत चार हंगाम तू समोरच्या काठाने काहीतरी टिपत होतीस असं मला वाटतं. त्या वह्या असतील तर पाठव. रजिस्टर पोस्टाने पाठव, साध्या टपालाचा भरवसा नाही.

जुन्या गोष्टी उगाळायची ही वेळ नव्हे. तळं काही माझ्या एकट्याचं नाही. तुझी लेक आणि जावई बरे असतील.

दादा

*

२२ नोव्हेंबर

ठमे,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी बहीण भावाला लिहिते, आणि काय लिहिते? "पाणी फक्त लव्हाळ्याच्या नोंदींच्या पानांवरच गळलं का?" बस. ना ख्यालीखुशाली, ना सही. स्वभाव काही गेला नाही तुझा.

बरं बाई. नाही गळलं पाणी. माळा कोरडा ठणठणीत आहे. झालं समाधान?

आता इथे काय झालंय ते ऐक, आणि मग मला काय बोलायचं ते बोल. चार महिन्यांपूर्वी एक पर्यावरण सल्लागार घरी आला होता. नगरपालिकेने नेमलेला. मी त्याचं नाव 'इस्त्री' ठेवलंय, कारण त्याच्या सदऱ्यालाही सुरकुती नाही आणि बोलण्यालाही. माझ्या पलंगावर बसून दोन कप चहा प्यायला. "काका, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." मी फुगलो. फुगलो म्हणजे किती, तर स्वतः उठून नोंदवही काढून दिली. त्याने मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढला आणि मी त्याला पानं उलटून देत होतो.

काल त्याचा अहवाल घरी आला. गुळगुळीत कागद, तिसऱ्या पानावर माझा फोटो. सूनबाईने शेजारणीला बोलावून दाखवला. मी पुढे चाळत गेलो. एका पानावर चौकट टाकून छापलंय, शब्द न शब्द उतरवतो: "ज्येष्ठ पक्षीनिरीक्षकांच्या एकतीस वर्षांच्या सलग नोंदींनुसार नाला, रस्ता व इमारती झाल्यानंतरही लव्हाळ्यातील पाणलाव्यांची संख्या चाळीसच्या आसपास स्थिर आहे. सबब, प्रस्तावित कामाचा या पक्ष्यांवर विपरीत परिणाम संभवत नाही."

कळलं का? ज्या वहीने मी तळं वाचवणार होतो, तिनेच ते बुजवायला निघालेत. फोटोसकट.

मी उठून बेसिनपाशी गेलो आणि ओकलो. सूनबाई धावत आली, "बाबा, पित्त झालं का?" म्हटलं, "हो, छापील पित्त." तिला काही कळलं नाही. शेजारीण हातात अहवाल घेऊन तशीच उभी होती.

तुला जे ऐकायचंय ते लिहितो, म्हणजे एकदाचं संपेल. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या हंगामात मी लव्हाळ्यात उतरलो नाही. बांधावरून अंदाज घेतला आणि लिहिला. एकच हंगाम. अंदाज थोडा जास्त झाला असेल. माणूस आहे मी, दुर्बीण नाही. एवढ्याशा गोष्टीचं रामायण करून तू तळं बुडू देणार असशील तर दे.

वह्या पाठव. दिवस कमी आहेत.

दादा

*

३ डिसेंबर

ठमे,

उत्तर नाही. लहानपणीही माझं खोटं ऐकलं की तू अशीच भिंतीकडे तोंड करून बसायचीस. एक अक्षर बोलायची नाहीस. आणि आई काही न विचारता मलाच धपाटा घालायची.

एक हंगाम नव्हे. आठ.

आज सकाळपासून घरात कोणी नाही. तीनदा कागद फाडला. आता जे येईल ते लिहितो, नाहीतर पुन्हा हात आखडेल.

पाणलावा कसा असतो ते तुला मी सांगायला नको. पण मला स्वतःला सांगायची गरज आहे असं दिसतंय. चिखलाच्या रंगाचा, लांब चोचीचा, लव्हाळ्यात दबून बसलेला. बूट त्याच्या अंगावर पडायची वेळ येईपर्यंत हलत नाही. बांधावरून दुर्बीण लावून दिवसभर बसलं तरी दिसायचा नाही. म्हणून तर आपली पद्धत होती. घोटाभर चिखलात उतरायचं, दर दहा पावलांवर टाळी वाजवायची, जो उडेल तोच मोजायचा. 'चिखलात उतरल्याशिवाय पाणलावा लिहू नये' हा नियम मंडळाच्या मोजणीच्या कार्डावर छापलाय. तो नियम मीच केला.

पहिल्या वर्षी गुडघा होता, ते खरं. आदल्या वर्षी चाळीस होते, म्हटलं असतीलच की, जातात कुठे? चाळीस लिहिले. दुसऱ्या वर्षी गुडघा बरा होता. डॉक्टर म्हणाला, हवं तर नाचा. तरी उतरलो नाही. मला भीती वाटली, ठमे. आपल्या चांगल्या दिवसांत त्रेसष्ट होते, मग बावन्न, मग चाळीस. चिखलात उतरलो आणि वीसच उडाले तर? वीस लिहावे लागले असते. वहीत चाळीस आहेत तोवर ते कुठेतरी आहेत असं मला वाटायचं. हसू नकोस.

आणि पुढचं लिहिताना मला माझीच किळस येते. मी दरवर्षी चाळीस लिहिले नाहीत. कधी एकोणचाळीस, कधी बेचाळीस, कधी एकेचाळीस. चौतीस वर्षं वजन-मापे खात्यात निरीक्षक होतो. काटा मारणारा दुकानदार कसा ओळखावा हे नव्या लोकांना मी शिकवायचो. "जो कच्चा असतो त्याचं वजन दरवेळी तेवढंच कमी भरतं. जो मुरलेला असतो तो थोडं इकडेतिकडे करतो." असल्या माणसाचा तराजू जप्त करताना मला शिसारी यायची, घरी येऊन मी हात धुवायचो. आता दाढी करताना आरशात तोच माणूस दिसतो.

आता तो दिवस. मोजणी संपवून आपण सगळे चहाच्या टपरीवर जमलो होतो. मंडळाची तीसएक माणसं. मी वाचून दाखवलं, "लव्हाळं, पाणलावे बेचाळीस." तू उघड्या पाण्याकडून आली होतीस, सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. तू माझ्या पायांकडे बघितलंस आणि हळूच म्हणालीस, "दादा, तुझे बूट कोरडे आहेत."

हळूच म्हणालीस. मला वाचवायलाच हळू बोललीस. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हिला ओलं-सुकं कळत नाही." लोक हसले. तूही हसल्यासारखं केलंस आणि चहाचा पेला तसाच ठेवलास. पुढच्या बैठकीत इतिवृत्तात नोंद झाली: 'नजर अधू असल्याने मोजणीच्या यादीतून नाव कमी करण्यात येत आहे.' अक्षर माझं, सही माझी. तू मंडळाची दुर्बीण परत द्यायला घरी आलीस तेव्हा मी अंघोळीला गेलोय असं सूनबाईने सांगितलं. मी कपडे घालून मोरीत उभा होतो, नळ सोडून.

त्यानंतर चार हंगाम तू समोरच्या काठाने एकटी यायचीस. निळी छत्री काठी म्हणून वापरायचीस. मी माझ्या दगडावर बसून दुर्बिणीतून बघायचो. तू दहा पावलं चालायचीस, टाळी वाजवायचीस, थांबायचीस. एका वर्षी अख्ख्या लव्हाळ्यातून काही म्हणजे काही उडालं नाही. मी पाहिलं. माझी नजर चांगली आहे. घरी येऊन मी एकेचाळीस लिहिले.

अजून एक राहिलं, तेही सांगून टाकतो. तुझ्या वह्या मी कशाला मागत होतो? सुनावणीत तुझं नाव घ्यायला नव्हे. तुझे आकडे मी माझ्या अक्षरात नव्या पानांवर उतरवून घेणार होतो. जुनी पानं फाडणार होतो. म्हणजे तळंही वाचलं असतं आणि माझं नावही. थुंकावंसं वाटतं ना? मलाही.

आता सरळ मागतो. सुनावणीत गप्प बसलो तर वाहनतळ होणार. बोललो तर लोक तोंडावर थुंकतील, ते मी बघून घेईन. पण नुसतं 'माझे आकडे खोटे' म्हणून भागणार नाही, खरे आकडे हवेत. ते फक्त तुझ्याकडे आहेत. द्यायचे नसतील तर नको देऊस. मी तुझ्या जागी असतो तर दिले नसते.

दादा

*

११ डिसेंबर

ठमे,

पुडकं मिळालं. चार वह्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, सुतळीला तीच तुझी दुहेरी गाठ. आत चिठ्ठी शोधली. नव्हती. बरोबर आहे.

खिडकीपाशी बसून वाचल्या. हंगामाच्या चार मोजण्या, चार हंगाम, सोळा पानं. वेळ, वारा, पाणी किती, चिखल किती, सगळं. पहिल्या हंगामात जास्तीत जास्त नऊ पाणलावे. दुसऱ्यात शून्य, चारही वेळा शून्य, आणि प्रत्येक शून्य तू असं दाबून गोल काढलंयस की कागदाला भोक पडावं. तिसऱ्यात अकरा. चौथ्यात दोन. माझ्या वहीत त्याच चार वर्षांना एकेचाळीस, एकेचाळीस, एकोणचाळीस, बेचाळीस.

तिसऱ्या हंगामाच्या अकरापाशी मी थांबलो. बाजूला तुझ्या बारीक अक्षरात लिहिलंय, 'नाल्याचा पाइप दुरुस्तीसाठी आठ महिने बंद. पाणी निवळलं. गांडुळं दिसतात.' ठमे, त्या वर्षी ते परत आले होते! घाण थांबली आणि एका हंगामात परत आले. तू टाळी वाजवलीस आणि ते वाकडेतिकडे उडाले, तेही मला दिसले होते. मी काय केलं माहीत आहे? मांडीवर थाप मारली आणि स्वतःशी म्हणालो, "बघ, आहेत की!" मोजलेसुद्धा नाहीत. आकडा मी घरूनच लिहून आणला होता. त्या तळ्यात आठ वर्षांत एकच चांगली गोष्ट घडली आणि ती माझ्या एकोणचाळीसाखाली गाडली गेली. आदल्या वर्षी एकेचाळीस, या वर्षी एकोणचाळीस. माझ्या वहीप्रमाणे ते कमी झाले.

आणखी एक. प्रत्येक पानावर पक्ष्यांची यादी संपली की खाली एक ओळ आहे. 'समोरच्या बांधावर: दादा, १. बसलेला.' सोळापैकी पंधरा पानांवर. सोळाव्यावर, मी तापाने आडवा होतो त्या दिवशी, 'दादा, ०. बरा असेल ना?'

मी मागे जाऊन त्या पंधराही ओळी पुन्हा वाचल्या. सूनबाई चहा घेऊन आली आणि ठेवून गेली. एवढ्या घाणेरड्या माणसाला तू दर महिन्याला मोजत होतीस. मी तुझी एकही नोंद ठेवली नाही. माझ्या वहीत त्या चार वर्षांत निळी छत्री कुठेही नाही.

दादा

*

२१ डिसेंबर

ठमे,

सुनावणी झाली. क्रमाने सांगतो, तुला क्रमाने लागतं.

नगरपालिकेचं सभागृह. खुर्च्यांवर पांढरी झाकणं, टेबलावर प्लास्टिकची फुलं आणि मधोमध काचेच्या पेटीत सुशोभीकरणाची प्रतिकृती. त्यात अंगठ्याएवढे राजहंस. अध्यक्षस्थानी वरून आलेल्या एक अधिकारी बाई, चष्मा नाकावर. एका बाजूला इंजिनियर आणि आपला इस्त्री. दुसऱ्या बाजूला मंडळ, कॅमेऱ्यांसकट. यांनी तिथेही प्रतिकृतीसमोर उभं राहून फोटो काढून घेतले.

इस्त्रीने माझाच फोटो पडद्यावर लावला आणि म्हणाला, "काका इथेच आहेत, तेच सांगतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काठी टेकत माइकपाशी गेलो.

म्हटलं, "या वहीतले लव्हाळ्याचे शेवटच्या आठ वर्षांचे आकडे खोटे आहेत. मी चिखलात उतरलो नाही. मनाने लिहिले."

मंडळातलं कोणीतरी मागून म्हणालं, "अहो, काय बोलताय!" बाईंनी चष्मा वर केला. "मग खरे कोणते?" मी तुझ्या वह्या पुढे ठेवल्या. नऊ, शून्य, अकरा, दोन.

इंजिनियर हसला. मोकळं, ढेकर दिल्यासारखं हसला. "म्हणजे आजोबा, पक्षी तसेही गेलेतच की! मग अडचण कसली?" सभागृह हसलं. ठमे, त्या हसण्याने अंगावर पाल पडल्यासारखं झालं. पक्षी असले तर म्हणे त्यांना आमचा त्रास नाही, आणि नसले तर म्हणे आम्हाला त्यांचा नाही! कसंही करून वाहनतळच.

मी तिसरी वही उघडली. "साहेब, हे अकरा बघा. त्या वर्षी नाला आठ महिने बंद होता. पाइप दुरुस्ती तुमच्याच खात्याने केली. आदल्या वर्षी शून्य, नाला बंद झाला आणि अकरा, नाला सुरू झाला आणि दोन. ते गेलेले नाहीत. घाण थांबायची वाट बघतायत."

आता तो हसला नाही. पण इस्त्रीने फाइल उघडली. तयारीचा माणूस आहे. "मॅडम, या ज्यांच्या वह्या आहेत, त्यांचं नाव मंडळानेच यादीतून काढलं होतं. नजर अधू म्हणून. हे इतिवृत्त."

बाईंनी कागद बघितला. "ही सही कोणाची?"

म्हटलं, "माझी."

"मग?"

म्हटलं, "तिची नजर अधू नव्हती. माझे बूट कोरडे आहेत हे तीस माणसांत फक्त तिला दिसलं. म्हणून मी तिला आंधळी ठरवलं. ती माझी धाकटी बहीण आहे. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे आणि नियतही." मग मी बाईंकडून पेन मागून घेतलं आणि इतिवृत्ताच्या त्या ओळीखाली सगळ्यांसमोर लिहिलं, 'वरील नोंद खोटी आहे.' सही केली, तारीख घातली.

निकाल असा. वाहनतळाचं काम सध्या थांबवायचं. नाला पुढचं वर्षभर बंद ठेवायचा, आणि पुढच्या हंगामात नव्याने मोजणी करून मगच काय ते ठरवायचं. काठाचं सिमेंट आणि हंस मात्र मंजूर झाले. त्यांची शिसारी घेऊनच मी मरणार. बाईंनी विचारलं, "मोजणार कोण?" मी तुझं नाव सांगितलं आणि पत्ताही दिला. तुला न विचारता दिला, त्याबद्दल रागाव. त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही?" म्हटलं, "मी छत्री धरीन."

बाहेर पडताना मंडळातलं कोणी माझ्याशी बोललं नाही. एकाने माझ्या पायापाशी थुंकल्यासारखं केलं. संध्याकाळी निरोप आला की यादीतून माझंही नाव कमी केलंय. कारण लिहिलेलं नव्हतं. मला वाटतं कारण लिहायला हवं होतं.

काल सकाळी मी लव्हाळ्यात उतरलो. आठ वर्षांनी. नाला अजून बंद केलेला नाही, बंद करू म्हणतायत. चिखल कसला, काळं लोणी. त्याला सडक्या अंड्याचा वास, वर फेस, आणि पाय काढला की खालून बुडबुडे. पाचव्या पावलाला घसरलो आणि बसलोच. चड्डीपर्यंत गार घाण गेली. बांधावरचा दाणेवाला बघत होता, मदतीला आला नाही, त्याच्या पारव्यांना वेळ होत होता. उठलो. दहा पावलं चाललो, टाळी वाजवली, थांबलो. पुन्हा दहा. अख्खं लव्हाळं पालथं घातलं. एक धोबी पक्षी शेपूट हलवत पुढे पुढे पळाला, बाकी काही नाही.

दगडावर बसून वही उघडली. पाणलावे, शून्य. त्याखाली लिहिलं, 'समोरच्या काठावर: ठमी, ०.'

हे पान सोबत पाठवतोय. बघ आणि ठरव. माफ कर असं लिहिणार होतो, पण ते कागदावर स्वस्त पडतं. समोर उभा राहून म्हणेन, मग तू भिंतीकडे तोंड कर हवं तर.

आशीर्वाद शेवटी देईन म्हणालो होतो. माझ्या आशीर्वादात आता किती दम उरलाय माहीत नाही, तरी घे.

बूट गॅलरीत ठेवलेत. अख्ख्या मजल्यावर वास पसरलाय. सूनबाई सकाळपासून पदर नाकाला लावून फिरतेय, म्हणते, "बाबा, घरात एकतर हे राहतील नाहीतर मी." मी तिला बजावलंय, धुवायचे नाहीत. तू येऊन बघेपर्यंत ते तसेच राहणार.

दादा